पोल्काचा राजा आणि कामगारांचे सभागृह

(कामगार वस्तीतील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिला गेल्यापासून आपल्यापैकी काहींनी मला वाटेत गाठून एकच प्रश्न विचारला. महागाई आहे, कंत्राटी कामगारांचा प्रश्न आहे, बेकारी आहे. असे असताना अमेरिकेतील एका अकॉर्डियन वाजवणाऱ्याची कथा आम्ही कशासाठी ऐकावी? प्रश्न रास्त आहे. ज्याच्याविषयी मी बोलणार आहे तो माणूस पुढारी नव्हता, विचारवंत नव्हता. त्याची कीर्ती प्रेमाच्या, बिअरच्या आणि नाचाच्या गाण्यांची. त्याला ओढून आपल्या पंक्तीत बसवण्याचा माझा मुळीच इरादा नाही. परंतु आपल्या चळवळीला वर्षानुवर्षे न सुटलेला एक प्रश्न या माणसाच्या आयुष्याच्या अगदी मध्यभागी उभा आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी काय हवे असते, आणि ते त्याला कोण देतो, हा तो प्रश्न. आपण त्याला व्याख्यान देतो. आताही मी तेच करीत आहे, हे मला ठाऊक आहे.

त्या माणसाचे नाव फ्रँक यांकोविक. लोक त्याला फ्रँकी म्हणत. जन्म २८ जुलै १९१५, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील डेव्हिस नावाच्या लाकूडतोडीच्या गावी. आईबाप स्लोव्हेनियातून आलेले. स्लोव्हेनिया हा त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचा एक डोंगराळ कोपरा होता. जमिनीचे तुकडे लहान आणि खाणारी तोंडे फार. आपल्या कोकणातून माणूस जसा मुंबईला आला तसा तिथला माणूस अमेरिकेच्या खाणीत, जंगलात आणि पोलादाच्या भट्टीपाशी गेला. बाप लोहारकाम करी, आई लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाक करी. मूल तान्हे असतानाच हे कुटुंब ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात आले आणि कॉलिनवुड नावाच्या वस्तीत राहू लागले.

क्लीव्हलंड हे ईरी सरोवराच्या काठचे शहर. मिनेसोटाच्या खाणींतील लोहखनिज जहाजांनी येई, दक्षिणेकडून कोळसा येई आणि दोहोंच्या संगमावर पोलादाचे कारखाने उभे होते. अमेरिकेत स्लोव्हेन लोकांची सर्वांत मोठी वसाहत याच शहरात झाली. कॉलिनवुडमध्ये रेल्वेचे प्रचंड यार्ड होते आणि भोवती कारखाने. यांकोविकच्या घरात बिऱ्हाडकरू ठेवलेले असत. एकट्याने आलेले तरुण कामगार, त्यांना जेवूखाऊ घालून वर अंथरुणापुरती जागा द्यायची आणि त्यातून घरभाड्याचा भार हलका करायचा, ही त्या वस्त्यांतली सर्रास रीत होती. गिरणगावात ज्यांनी खानावळवाल्या बायांच्या हातचे खाऊन दिवस काढले, त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात यांकोविकचा बाप घरीच दारू गाळून विकत असे, हेही सांगून टाकतो. नायकाच्या घरचे सर्वच सोवळे असावे असा आपला आग्रह नसावा.

त्या बिऱ्हाडकरूंपैकी एकाजवळ बटणांचे अकॉर्डियन होते. पोराने त्याच्याकडून ते शिकून घेतले.

इथे वाद्याविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण या वाद्याला वर्ग आहे. १८२९ साली व्हिएन्नामध्ये सिरिल डेमियन नावाच्या वाद्यकाराने अकॉर्डियनचे पेटंट घेतले. भात्याने हवा ढकलायची, ती धातूच्या पातळ जिभेवरून गेली की जीभ थरथरते आणि सूर निघतो. आपल्या भजनातली बाजाची पेटी याच कुळातली. फरक इतकाच की पेटी जमिनीवर बसते आणि अकॉर्डियन माणसाच्या छातीवर लटकते, त्यामुळे वाजवणारा उभा राहू शकतो, चालू शकतो, वरातीच्या पुढे जाऊ शकतो. पियानो घ्यायला घर मोठे लागते, व्हायोलिनचा आवाज नाचाच्या गलक्यात बुडून जातो. अकॉर्डियनचे तसे नाही. एकटा माणूस अख्ख्या लग्नाला पुरतो. गरिबाने ते उचलले यात नवल नाही. पोल्का या नाचाचे असेच झाले. १८३० च्या दशकात बोहेमियात तो जन्मला, पुढच्या दशकात पॅरिस-लंडनच्या उच्चभ्रूंना त्याचे वेड लागले; मग त्यांना दुसरे वेड लागले आणि पोल्का ज्यांचा होता त्यांच्याकडे परत आला. अमेरिकेत गेलेल्या झेक, पोल, स्लोव्हेन आणि जर्मन कामगारांनी तो आपल्या बोचक्यात बांधून नेला.

आता सभागृहाकडे वळू. या लोकांना तिथे कोणी प्रतिष्ठा दिली नव्हती. पूर्व युरोपातून आलेल्या मजुराला ‘हंकी’ म्हणून हिणवण्याची चाल होती. १९२४ सालच्या कायद्याने तर पूर्व आणि दक्षिण युरोपातील लोकांना अमेरिकेचे दार जवळजवळ बंदच केले. अख्ख्या युगोस्लाव्हियातून वर्षाकाठी हजार माणसेही घेतली जाऊ नयेत अशी त्यातली वाटणी होती. खाणीत माणूस मेला तर त्याच्या विधवेला कंपनी विचारीत नसे. तेव्हा या माणसांनी स्वतःच वर्गणी काढून मदतसंस्था उभारल्या. १९०४ साली शिकागोत स्थापन झालेली स्लोव्हेन राष्ट्रीय साहाय्यक संस्था ही त्यांतली मोठी आणि पुरोगामी. आजारपणाचा भत्ता, मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम आणि जोडीला स्वतःचे वृत्तपत्र, असा तिचा पसारा होता. पाद्र्यांच्या छायेत चालणाऱ्या संस्था वेगळ्या होत्या; या संस्थेत मुक्त विचाराच्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांचा वावर मोठा होता. आणि याच वृत्तीतून १९२० च्या दशकात क्लीव्हलंडमध्ये सभागृहे उभी राहिली. सेंट क्लेअर रस्त्यावरचे स्लोव्हेन राष्ट्रीय सभागृह १९२४ साली खुले झाले. कॉलिनवुडमध्ये वॉटरलू रस्त्यावर स्लोव्हेनांनी आपले ‘कामगार-सदन’ बांधले, नावातच कामगार. कोणा शेटजीची देणगी नव्हे, कामगारांनी आपल्या मजुरीतून रक्कम घालून ही घरे उभी केली. त्यात रंगमंच, वाचनालय, सभेच्या खोल्या, तळघरात मद्यपानाची जागा आणि मधोमध नाचाची लाकडी जमीन.

ही रचना नीट ध्यानात घ्या. सभा आणि नाच यांना वेगवेगळ्या इमारती नव्हत्या. ज्या खोलीत संपाची वर्गणी मोजली जाई तिच्या भिंतीपलीकडे अकॉर्डियन वाजत असे.

फ्रँकीचे पहिले भांडण बापाशी झाले, आणि तेही वाद्यावरून. बटणांच्या अकॉर्डियनला मर्यादा असतात. भाता आत लोटताना बटण एक सूर देते, बाहेर ओढताना दुसरा, आणि ठरावीक स्वरपट्ट्यांपलीकडे जाता येत नाही. पोराला पियानोसारख्या पट्ट्या असलेले मोठे अकॉर्डियन हवे होते. बापाच्या मते एक वाद्य घरात असता दुसरे घेणे ही उधळपट्टी होती, आणि गाण्याबजावण्यावर पोट भरते यावर त्याचा विश्वास नव्हता. अखेर आईने साठवलेल्या पैशांतून गुपचूप वाद्य आणले, ते लग्न झालेल्या बहिणीकडे ठेवले, आणि पोराने तिथे जाऊन रियाज केला. पुढे नाताळात त्याने ते घरी बापासमोर वाजवले आणि बाप विरघळला, अशी ही हकिकत सांगितली जाते. तीत थोडे मीठमसाला असेल. परंतु कामगाराच्या घरातील कलेचा पहिला आश्रयदाता बहुधा आई असते आणि तिचे भांडवल म्हणजे किराण्यातून वाचवलेले पैसे, एवढे तरी त्यातले खरे मानायला हरकत नाही.

१९३० च्या दशकात फ्रँकी लग्नांत, सभागृहांत आणि शहराच्या नभोवाणीवर वाजवू लागला. वस्तीत नाव झाले. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी मात्र त्याला दारात उभे केले नाही. तेव्हा १९३८ साली त्याने स्वतःच्या पैशाने तबकड्या काढल्या आणि त्या वस्तीतच खपल्या. हा काळ मंदीचा होता आणि लढ्याचाही. २८ डिसेंबर १९३६ रोजी क्लीव्हलंडच्या फिशर बॉडी कारखान्यातील कामगार यंत्रांपाशीच ठाण मांडून बसले. जनरल मोटर्सविरुद्धच्या ज्या बैठ्या संपासाठी फ्लिंट शहराचे नाव इतिहासात घेतले जाते, त्याची ठिणगी फ्लिंटच्या दोन दिवस आधी इथे पडली होती. हा कारखाना कॉलिनवुडच्याच परिसरात होता. १९४१ साली फ्रँकीने वस्तीत स्वतःचे मद्यगृह उघडले. गिऱ्हाईक कोण होते हे वेगळे सांगायला नको.

मग युद्ध आले. १९४३ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, घरी बायको असताना तो सैन्यात दाखल झाला. त्याच्या पूर्वजांच्या भूमीचे तेव्हा तीन तुकडे झाले होते. एप्रिल १९४१ पासून जर्मनी, इटली आणि हंगेरी यांनी ती आपसांत वाटून घेतली होती. जर्मनांच्या ताब्यातील भागात शाळांतून आणि कचेऱ्यांतून स्लोव्हेन भाषा हद्दपार झाली होती. ज्या भाषेत गाणी म्हणून फ्रँकी क्लीव्हलंडमध्ये पोट भरीत होता, ती भाषा तिच्या मूळ गावी बोलणे धोक्याचे झाले होते.

१६ डिसेंबर १९४४ रोजी हिटलरने बेल्जियम आणि लक्झेंबर्गच्या आर्देन अरण्यात आपला शेवटचा मोठा हल्ला चढवला. ‘बल्जची लढाई’ म्हणून ती ओळखली जाते. जानेवारीच्या अखेरीपर्यंत ती चालली आणि तीत सुमारे १९,००० अमेरिकन सैनिक ठार झाले. फ्रँकी तिथे पायदळात होता. त्या हिवाळ्यात बर्फ कमरेइतके आणि खंदकात पाणी. सैनिकांच्या पायात जे चामडी बूट होते ते पाणी पीत आणि रात्री गोठत. बर्फात चालणारे बूट आणि उबदार कपडे तयार होते, पण ते आघाडीवर वेळेवर पोहोचले नव्हते. हे केवळ गलथानपणाने घडले असे म्हणता येत नाही. सेनापती ओमर ब्रॅडली यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत प्रांजळपणे सांगितले आहे, की वाहतुकीची साधने अपुरी होती, युद्ध हिवाळ्याआधी संपेल असा भरवसा वाटत होता, म्हणून त्यांनी जाणूनबुजून पेट्रोल आणि दारूगोळा यांना अग्रक्रम दिला आणि थंडीचे कपडे मागे ठेवले. हिशेब असा मांडला गेला, आणि त्याची वजाबाकी सैनिकांच्या बोटांतून झाली. त्या हिवाळ्यात युरोपच्या आघाडीवर थंडीने हातपाय जायबंदी होऊन इस्पितळात दाखल झालेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या ४०,००० च्या वर आहे. त्यांत बहुतांश रायफल घेऊन पुढे चालणारे शिपाई. मागच्या तंबूत नकाशे पाहणाऱ्यांची बोटे सहसा शाबूत राहतात.

याच हिवाळ्यात आपली मराठा पलटणीतली पोरे इटलीच्या अपेनाइन पर्वतात बर्फात बसली होती. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे तिथे टायबरच्या खोऱ्यात पडले आणि त्यानंतर ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो योग्यच होता. पण ज्यांची बोटे नुसती थंडीने काळी पडली, त्यांच्या नावे पदक नसते. ते गावी परत येतात आणि नांगराची मूठ धरताना कुरकुरतात, एवढेच.

फ्रँकीची बोटे काळी पडली. हात आणि पाय दोन्हींना हिमदंश होऊन गँग्रीन सुरू झाले. इस्पितळातील डॉक्टरांनी अवयव कापण्याचा सल्ला दिला. त्याने नकार दिला. हा नकार किती धोक्याचा होता ते समजून घ्या; गँग्रीनमध्ये कापायचे नाकारणे म्हणजे पुष्कळदा जीव पणाला लावणे. परंतु हात गेलेल्या माणसाला परत जाऊन करण्यासारखे काय उरले असते? पोलादाच्या कारखान्यात हातच लागतात, मद्यगृहात हातच लागतात, आणि अकॉर्डियनला दोन्ही हातांची दहा बोटे. पेनिसिलिन नुकतेच मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले होते, ते त्याच्या वाट्याला आले. दहा वर्षांपूर्वी हीच घटना घडती तर आज मी या माणसाविषयी बोलत नसतो. हात वाचले, पण बोटे ताठरली होती. ती वळवण्यासाठी इस्पितळात त्याला अकॉर्डियन देण्यात आले.

त्या खोलीचे चित्र मला पुष्कळदा दिसते. आजूबाजूच्या खाटांवर पाय नसलेले, हात नसलेले तरुण. आणि एक जण भाता ओढतो आहे, पट्टी दाबायला बोट जात नाही, सूर चुकतो आहे, पुन्हा ओढतो आहे. सैनिकी इस्पितळातले ते संगीत ऐकायला फारसे गोड नसावे. हळूहळू बोटे ऐकू लागली. पुढे सैन्यानेच त्याला एका वाद्यमेळात घालून सैनिकांच्या करमणुकीसाठी फिरवले, आणि १९४५ च्या अखेरीस तो घरी परतला.

परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेने जून १९४४ मध्ये एक कायदा केला होता. शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्जाची हमी, बेकारीभत्ता. सामान्य माणसासाठी सरकारने केलेल्या खर्चाचे ते मोठे उदाहरण होते आणि त्याने लक्षावधी कामगारांची पोरे कॉलेजात गेली. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र त्यातले फार थोडे पदरात पडले, कारण अंमलबजावणी ज्यांच्या हाती होती त्यांनी ते पडू दिले नाही. पण या कायद्याचा आणखी एक परिणाम झाला, जो सहसा कोणी सांगत नाही. युद्धातून आलेले, हातात चार पैसे असलेले, लग्नाच्या वयाचे लाखो तरुण एकाच वेळी शहरात आले. त्यांना नाचायचे होते. गोठलेल्या खंदकातून जो जिवंत परत आला आहे त्याला शोकगीत नको असते.

१९४६ साली कोलंबिया या मोठ्या कंपनीने यांकोविकशी करार केला. १९४७ च्या अखेरीस त्याने ‘जस्ट बिकॉज’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. हे जुने, दक्षिणेकडचे गाणे. ते पोल्काच्या तालात बसवण्याची कल्पना त्याची, आणि कंपनीच्या माणसांना ती मुळीच पसंत नव्हती. पण त्या महिन्यात कंपन्या जे मिळेल ते भरभरून ध्वनिमुद्रित करीत होत्या. याला कारण होते. जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखालील वादकांच्या संघटनेने १ जानेवारी १९४८ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता. तबकडी एकदा निघाली की ती हजार ठिकाणी वाजते आणि हजार वादकांचे काम जाते. तेव्हा तबकडीच्या उत्पन्नातून कामाविना राहिलेल्या वादकांसाठी निधी काढा, अशी ती मागणी होती. यंत्र आले म्हणून मोडा असे ते म्हणत नव्हते, यंत्राच्या नफ्यात वाटा द्या असे म्हणत होते. वर्षअखेरीस तडजोड झाली आणि निधीची सोय झाली. आपल्याकडे कलावंतांच्या प्रश्नावर बोलणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे.

‘जस्ट बिकॉज’ १९४८ साली तुफान चालले. पाठोपाठ १९४९ साली ‘ब्लू स्कर्ट वॉल्ट्झ’. ही मूळ झेक चाल. दोन्ही तबकड्या दहा लाखांवर खपल्याचे सांगितले जाते. १९४८ सालीच मिलवॉकी शहरात झालेल्या चढाओढीत लोकांनी त्याला ‘अमेरिकेचा पोल्का-राजा’ ठरवले. मिलवॉकी म्हटले की आपले कान टवकारले पाहिजेत. जर्मन आणि पोल कामगारांच्या या शहराने १९१० पासून समाजवादी नगराध्यक्ष निवडून दिले होते आणि त्याच १९४८ साली फ्रँक झाइडलर हे समाजवादी गृहस्थ तिथे नगराध्यक्ष झाले, ते १९६० पर्यंत. सांडपाण्याच्या गटारांपासून सार्वजनिक उद्यानांपर्यंत चोख कारभार ही तिथल्या समाजवाद्यांची ओळख. त्यांचे विरोधक आणि काही सहप्रवासीही त्यांना ‘गटारवादी’ म्हणून हिणवीत. एकाच शहरातल्या एकाच प्रकारच्या माणसांनी एकाच वर्षी एक समाजवादी नगराध्यक्ष निवडला आणि एक अकॉर्डियनवाला राजा निवडला. दोन्ही निवडी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

आता मुख्य मुद्दा. यांकोविकने नेमके काय केले? संगीतदृष्ट्या त्याने पोल्काचे जड ओझे उतरवले. पितळी वाद्यांचा गोंगाट काढून टाकून दोन अकॉर्डियन, बँजो, बास आणि ढोल एवढ्यावर त्याने मेळ बसवला. आणि तो इंग्रजीत गाऊ लागला. यावर त्याच्याच लोकांतले शुद्धतावादी रागावले. बापजाद्यांची भाषा बाजारात सोडली, असा आरोप झाला. आरोपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. भाषा मरते ती बहुधा अशाच, टाळ्यांच्या कडकडाटात. परंतु दुसरी बाजूही पाहा. कारखान्यात पोल, झेक, स्लोव्हेन, क्रोएट, जर्मन, इटालियन एका पट्ट्यावर काम करीत आणि संध्याकाळी आपापल्या सभागृहात जात. मालकांना हे फार सोयीचे होते. एका भाषेच्या टोळीला दुसऱ्या भाषेच्या टोळीवर घालणे हा तिथल्या संप फोडण्याचा जुना हातखंडा. यांकोविकने जी गाणी केली त्यांवर हे सगळे एकाच जमिनीवर नाचू लागले. झेक चाल, इंग्रजी शब्द, स्लोव्हेन वादक, पोल श्रोता. जे काम संघटकांच्या पत्रकांनी अर्धवट केले ते नाचाच्या एका संध्याकाळी सहज होऊन गेले.

सगळेच झाले असे मात्र नाही, आणि तेही इथे बोलले पाहिजे. त्या जमिनीवर काळा कामगार नव्हता. फिशर बॉडीत तो होता, भट्टीवर तो होता, नाचाला नव्हता. ६ एप्रिल १९७० रोजी याच कॉलिनवुडमधील शाळेवर गोऱ्या जमावाने दगडफेक केली आणि आतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वरच्या मजल्यावर जीव मुठीत धरून बसावे लागले. दगड मारणाऱ्यांत त्याच सभागृहांत लहानाचे मोठे झालेले कोणी नव्हते, अशी ग्वाही मी देऊ शकत नाही. भाषेची भिंत संगीताने पाडली, रंगाची भिंत पाडण्याचा तिथे कोणी प्रयत्नच केला नाही. यात दोष एकट्या वादकाचा नाही; पण कार्यकर्त्यांचा आहे. त्याच परिसरात त्यांनी बैठा संप लढवला होता, त्यांना संघटना ठाऊक होती.

उरलेले आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते त्याने एकाच पद्धतीने घालवले. मोटारीत. वर्षाकाठी तीनशेहून अधिक कार्यक्रम, आज मिनेसोटाच्या खाणवस्तीत, उद्या पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यात, परवा विस्कॉन्सिनमध्ये. राजा म्हणत, पण राबणे मजुराचे. पहिला संसार मोडला, एकूण तीन लग्ने झाली. युद्धातून वाचवून आणलेले हात त्याने घरापेक्षा रस्त्याला अधिक दिले, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर रॉक अँड रोल आले, कंपन्यांनी पोल्काकडे पाठ फिरवली. तरीही सभागृहे भरत राहिली, कारण नाचणारे तेच होते आणि त्यांचा पगार चालू होता.

मग पगार थांबला. १९ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायोतल्याच यंग्जटाउन शहरात पोलादाचा एक मोठा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे ५,००० कामगारांची नोकरी गेली. त्यानंतर एकामागून एक. १९८३ साली फिशर बॉडीचा तो कॉलिनवुडचा कारखानाही मिटला. कारखाना गेला की पोरे दूरच्या उपनगरात किंवा दक्षिणेकडे जातात, वस्तीत म्हातारे उरतात. गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांच्यापुढे याचे अधिक वर्णन करण्यात अर्थ नाही. पोल्का का मेला यावर पुष्कळ विद्वत्तापूर्ण चर्चा झाली आहे. अभिरुची बदलली, दूरचित्रवाणी आली, तरुणांना तो खेडवळ वाटू लागला. हे सगळे खरे असेल. पण शुक्रवारी पगाराचे पाकीट मिळणे बंद झाले, हे कारण मी सर्वांत वर ठेवीन.

गंमत अशी, की नेमके याच पडझडीच्या काळात प्रतिष्ठितांना त्याची आठवण झाली. ग्रॅमी या अमेरिकेतील मोठ्या संगीतपुरस्कारांत पोल्कासाठी स्वतंत्र विभाग निघाला आणि १९८६ साली त्याचा पहिला मान सत्तरीतल्या यांकोविकला मिळाला. १४ ऑक्टोबर १९९८ रोजी फ्लोरिडामध्ये तो वारला. २००९ साली ग्रॅमीवाल्यांनी पोल्काचा विभाग बंद करून टाकला.

आपल्यातील काही जण म्हणतील, त्याने कामगारांना चार घटका विसर पाडला, दुसरे काय केले? मी स्वतः तरुणपणी असेच म्हणत असे. शिबिरात रात्री कोणी लावणी म्हटली तर नाक मुरडणाऱ्यांत मी होतो. आता मला त्या नाकाची लाज वाटते. ज्या कार्यकर्त्यांनी वॉटरलू रस्त्यावर कामगार-सदन बांधले त्यांनी नकाशातच नाचाची जमीन आखली होती. करमणूक ही आधी कामगाराची आणि नंतर चळवळीची गरज आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आपण सभागृह मागताना खुर्च्या किती मावतील एवढेच विचारतो.

त्याच वॉटरलू रस्त्यावर क्रोएट कामगारांनी १९५० साली बांधलेले एक सभागृह आहे. वस्ती ओस पडत गेली तसे तेही रिकामे पडले. २००० साली कोणी ते विकत घेऊन तिथे तरुण पिढीच्या संगीताच्या मैफली सुरू केल्या. गाणी वेगळी आहेत, माणसे वेगळी आहेत. जुनी नाचाची जमीन मात्र त्यांनी तशीच ठेवली आहे.

आता वाचनालयाची वेळ संपत आली आहे. ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी विचारावेत. आणि कोपऱ्यात ती पेटी ठेवलेली दिसते आहे, ती ज्यांना वाजवता येत असेल त्यांनी प्रश्न संपण्याची वाट पाहू नये.